ओटी, सोपा आणि सोफा

मराठी वाङ्मयात उमरठ येतं ते लग्नघर म्हणून. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजी मालुसऱ्यांच्या घरी रायबाच्या लग्नाची तयारी चालू आहे आणि तेवढ्यात मोहीम पुढ्यात येते. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला गेला, तानाजी पडले, आणि त्यांची समाधी आज उमरठला आहे. हरि नारायण आपट्यांनी १९०३ साली यावर कादंबरी लिहिली, बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, २०२० साली हिंदी चित्रपट आला. दर वेळी गोष्ट लग्नघरातून लवकरात लवकर बाहेर पडते आणि कड्याकडे निघते. ते साहजिकही आहे. पण मी त्या गावचा असल्यामुळे मला मागे राहिलेल्या घराचं कुतूहल वाटत आलं आहे. पाहुणे यायचे होते. ओटीवर काय अंथरलं असेल? कोण कुठे बसणार होतं? घरातल्या बायका कुठे बसणार होत्या, की बसणारच नव्हत्या?

हा प्रश्न या वर्षी माझ्यापुढे फार घरगुती रूपात आला. शिमग्याला सगळे जमलो असताना मुंबईच्या चुलतभावानं जाहीर केलं की गणपतीच्या आत गावच्या घरात नवा सोफा यायला पाहिजे. नवा, या शब्दावर त्याचा जोर होता. आमच्या घरात सोफा याआधी दोनदा आला होता, पण दोन्ही वेळा जुना. पहिला आला लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून. तो सोफा-कम-बेड होता, म्हणजे गिरणगावच्या गरजेतून रुजलेली वस्तू. दिवसा त्यावर पाहुणा बसे, रात्री तो उघडला की दोघं झोपत, आणि खाली उरलेल्या जमिनीवर बाकीचे. १९८२ च्या संपानंतर खोलीतली माणसं पांगली, सोफा राहिला. भाऊ डोंबिवलीला ब्लॉकमध्ये गेला तेव्हा तो गणपतीच्या सामानाबरोबर टेम्पोत घालून उमरठला आला. त्याची स्प्रिंग तोवर गेली होती. दुसरा रेक्झिनचा, तोही असाच डोंबिवलीतून उतरून आला, आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या पाठीवर पांढरी बुरशी चढली. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत हेच दिसेल. मुंबईत जी वस्तू नको होते ती गावाला पाठवली जाते, आणि गावचं घर ती नाही म्हणत नाही. कपाटं, टीव्ही, मिक्सर, भिंतीवरची घड्याळं. आमची ओटी हे मुंबईतल्या वस्तूंचं पेन्शनरांचं घर झालं होतं.

म्हणून भावाच्या ‘नवा’ या शब्दात मान होता. तो मी समजू शकत होतो. पण काकीनं एका वाक्यात विषय फिरवला. काकी चौऱ्याहत्तरची आहे, दोन्ही गुडघे गेलेले, जमिनीवर बसली की उठताना कुणाचा तरी हात लागतो. दोन्ही सोफे घरात असताना मी तिला त्यांवर बसलेली कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, “पावण्यांसाठी घ्या. मला काय, उंबरा हाय.”

मी आयुष्यभर मराठी शिकवली. पुस्तकात एखादी वस्तू आली की ती तिथे का आहे, ती कुणाच्या वाट्याची आहे, हे विचारायची खोड त्यातून लागते. सोफा घ्यायचा ठरल्यावर मी दुकानाआधी कपाटाकडे गेलो, याबद्दल घरात माझी यथेच्छ थट्टा झाली. पण त्या निमित्तानं जे वाचलं, आठवलं, ताडून पाहिलं, ते मांडण्यासारखं आहे असं वाटतं.

सुरुवात शब्दापासून. सोफा आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण इंग्रजीचा नाही. मूळ अरबी ‘सुफ्फा’. त्याचा अर्थ उंचवटा, चौथरा, छपराखालची बसायची जागा. मदिनेच्या मशिदीला लागून असा एक सुफ्फा होता आणि ज्यांना घरदार नव्हतं असे प्रेषितांचे सोबती तिथे राहत. इस्लामी परंपरेत त्यांना सुफ्फ्याचे लोक असंच म्हणतात. हा शब्द तुर्कांमार्फत युरोपात गेला. सतराव्या शतकात इंग्रज प्रवासी तो वापरतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गालिचे अंथरलेला चौथरा आहे, चार पायांची लाकडी वस्तू नाही. नंतर युरोपीय घरात त्या चौथऱ्याला पाय फुटले, पाठ आली, हात आले, आत भरण आलं, आणि ती सरकवता येणारी वस्तू झाली.

आता आंबेनळीचा घाट चढून वर जा. साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे जुन्या घरात शिरल्यावर जी पहिली बसायची, उंच बांधलेली, चौकाकडे उघडी जागा असते तिला सोपा म्हणतात. पहिला सोपा, मधला सोपा. हा सोपा त्याच सुफ्फ्याचा फारसीच्या वाटेनं आलेला भाऊ असावा, असं मला वाटतं. ध्वनी जुळतो, अर्थ तर नेमका जुळतो. तसं असेल तर एकच शब्द मराठीत दोनदा आला: पहिल्यांदा घराचा भाग म्हणून, दुसऱ्यांदा घरात आणून ठेवायची वस्तू म्हणून. घाटाखाली आमच्याकडे सोप्याला ओटी म्हणतात. अंगण, पडवी, मग हातभर उंच ओटी, मग माजघर. ओटी विकत आणत नाहीत, ती बांधतात. तिच्यावर किती माणसं बसतात याचा आकडा नसतो. आणखी चार आली तर आधीची सरकतात, तेवढंच.

दिवाण या शब्दाचीही कहाणी अशीच उलटसुलट. मुळात तो वही, दफ्तर, कचेरी. मग कचेरीत भिंतीकडेनं घातलेली बैठक. मग आपला दिवाणखाना, आणि शेवटी फर्निचरच्या दुकानातला आत सामान ठेवायची पेटी असलेला दिवाण. खुर्ची अरबी कुर्सीवरून. या सगळ्या आसनांना मराठीनं मोठे अर्थ दिले आहेत. गादीवर बसणं म्हणजे राज्य मिळणं, मठाची गादी, साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. खुर्ची म्हणजे सत्ता. खुर्ची जाते, खुर्चीसाठी भांडणं होतात. उमरठपासून रायगड फार लांब नाही आणि तिथल्या सिंहासनाबद्दल तर बोलायलाच नको. पाट मांडणं, चौरंग मांडणं यांतही मान आहे. एवढ्या आसनांत सोफा हा एकटाच असा की त्याला मराठीनं अजून एकही लाक्षणिक अर्थ दिलेला नाही. सोफ्यावर फक्त बसतात, किंवा लोळतात. मला यात त्याची उणीव दिसत नाही. ज्या आसनावर अजून कुणाची सत्ता बसलेली नाही, ते कुणालाही देता येतं.

युरोपीय साहित्यात मात्र सोफ्यानं बरीच करमणूक केली आहे. फ्रान्समध्ये १७४२ साली क्रेबियों (धाकटा) यानं ‘सोफा’ नावाची कादंबरी छापली. तिचा निवेदक मागच्या जन्मी सोफा होता. ब्रह्मदेवानं त्याच्या आत्म्याला तशी शिक्षा दिली होती, आणि या घरातून त्या घरात जात, सोफ्याच्या आत बसून, त्यानं माणसांचं ढोंग पाहिलं. पुनर्जन्माची कल्पना आपल्याकडून नेऊन तिचा असा वापर केलेला पाहून हसू येतं, पण युक्ती बिनतोड आहे. घरात कोण खरं आणि कोण खोटं, हे त्या घरातल्या आसनाला विचारावं. इंग्रजीत विल्यम कूपर या कवीला एका ओळखीच्या बाईंनी लिहायला विषय दिला, सोफा. त्यानं १७८५ साली छापलेल्या ‘द टास्क’ या दीर्घकाव्याचा पहिला सर्ग त्याच नावाचा आहे. त्यात तो तीन पायांच्या तिवईपासून खुर्ची, तिला हात, तिला भरण, मग दोघांचं बाक, मग सोफा, असा सगळा इतिहास थट्टेनं रचतो. आणि मग म्हणतो की सोफा ज्यांचे सांधे दुखतात त्यांचा; माझे पाय धड आहेत, मी निघालो फिरायला. पुढचं काव्य शेतांतून, झाडांखालून जातं. त्याच वळणावर जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या लेडी बर्ट्रम आहेत, कुत्र्याला जवळ घेऊन दिवसभर सोफ्यावर. आणि गोंचारॉव्हचा ओब्लोमोव्ह (१८५९) तर पहिल्या भागात आपली पसरलेली जागा सोडायलाच तयार नाही.

या सगळ्या लेखकांचा सोफ्यावरचा आक्षेप एकच आहे: आळस. बसणारा रिकामा आहे, श्रीमंत आहे, त्याच्यासाठी राबणारं कुणी आत आहे. पण कूपरचं ते सांध्यांबद्दलचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. तो ज्याला चिमटा म्हणून लिहितो, ते आमच्या घरात साधं वर्तमान आहे. ज्या बाईनं साठ वर्षं भात लावला, डोक्यावरून पाणी आणलं, चुलीपुढे उकिडवं बसून स्वयंपाक केला, तिचे सांधे गेले. तिच्यासाठी सोफा ही ऐषआरामाची वस्तू कशी?

मराठीत सोफा आधी रंगभूमीवर आला आणि नंतर बहुसंख्यांच्या घरात, असं म्हणायला हरकत नाही. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खोलीचं नेपथ्य, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, आणि साधं बोलणं, यांसाठी ते नाव घेतलं जातं. त्या खोलीबरोबर दिवाणखान्यातलं फर्निचर मराठी रंगभूमीवर कायमचं आलं. पुढची कित्येक दशकं मध्यमवर्गीय नाटकाचा पडदा वर गेला की समोर तेच: मध्ये सोफा, बाजूला एक खुर्ची, टिपॉय, मागे आत जायचं दार. नवरा सोफ्यावर पेपर वाचतो आणि बायको त्या दारातून चहा घेऊन येते. किती नाटकं अशी उघडली असतील! या रचनेत एक तांत्रिक सोय आहे. सोफा प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावा लागतो, कारण चौथी भिंत नाही. म्हणून सोफ्यावरची माणसं एकमेकांकडे न बघता समोर बघत बोलतात.

हे नेपथ्य आपण घरात जसंच्या तसं उचललं, हे मला टीव्ही आल्यावर लक्षात आलं. आता चौथ्या भिंतीवर टीव्ही आहे आणि सोफा त्याच्याकडे तोंड करून. ओटीचं तोंड अंगणाकडे, वाटेकडे असे. जाणारा येणारा दिसे, त्याला हाक मारली जाई. सोफ्याची पाठ बहुधा दाराकडे किंवा भिंतीकडे असते. आणि आत जायचं दार मागे, जिथून चहा येतो.

आसनं हलवली की माणसाचं स्थान बदलतं, हे तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) किती साधेपणानं दाखवलं आहे. गावातल्या एका हॉलमध्ये काही माणसं वेळ घालवायला म्हणून खोटं कोर्ट मांडतात. आहे तेच सामान इकडचं तिकडे होतं. आणि बेणारेबाई एकदा आरोपी म्हणून उभी राहिली की तो खेळ राहत नाही. वीस वर्षं वर्गात ते नाटक शिकवताना मी संवादांकडे पाहिलं. बसायच्या जागांकडे आता पाहतो आहे. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) तर एक वस्तूच पात्रासारखी उभी आहे, वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर. नव्या काळासाठी घेतलेली, आणि नवा काळ न आलेली वस्तू. मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात, वाडा मात्र वहिनी ओढते. आमच्या परिसरात मी असे सोफे पाहिले आहेत. वर्षभर प्लास्टिकच्या आवरणात, गणपतीचे पाच दिवस आवरण काढलेलं, पुन्हा घातलेलं. घरात राहणारी म्हातारी माणसं त्याच्या पायाशी जमिनीवर.

दिवाळी अंकाच्या वाचकाला इथे कोणता लेख अपेक्षित असतो, हे मला ठाऊक आहे. मीच तो दोनदा लिहिला आहे. ओटी गेली, सोफा आला, माणसं दुरावली. घोंगडीवर बसून रंगणाऱ्या गप्पा गेल्या, आकडा नसलेली जागा जाऊन तीन अधिक एक अधिक एक अशी मोजलेली जागा आली. यातलं बरंचसं खरं आहे, वर मीही तेच म्हटलं. पण काकीच्या उंबऱ्यानं मला अडवलं. ओटी सगळ्यांची होती असं आपण लिहितो, ते लिहिणारे आपण ओटीवर बसलेले पुरुष होतो. काकी लग्न होऊन आली त्यानंतर सासरा असेपर्यंत ती ओटीवर बसलेली नाही. ओटी तिनं सारवली. पाणी, चहा, पानाचं तबक आणून ठेवलं आणि ती मागे गेली. ओटीवरचं बोलणं तिनं ऐकलं ते माजघराच्या उंबऱ्याशी, भिंतीच्या आडोशानं. तिला उंबरा आवडतो हे खरं, पण ती आवड कशी तयार झाली हे विचारायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आणि ओटीच्या खालीही कुणी होतं. आमच्याच भागातलं महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चवदार तळ्याकडे चालत गेली, आणि जे पाणी जनावरांना मोकळं होतं ते त्यांनी ओंजळीनं प्यायलं. ते पाण्याबद्दल होतं, तसंच ते जागेबद्दलही होतं: कुणी कुठपर्यंत यायचं, कुठे थांबायचं. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे की शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावं लागे, आणि ते गोणपाट शाळेचा गडी शिवणार नाही म्हणून रोज घरी नेऊन परत आणावं लागे. म्हणजे त्या मुलाचं आसन त्याच्याबरोबर चालत होतं. आमच्या ओटीवरही सगळे चढत नव्हते. काही माणसं अंगणात, काही पायरीशी, काही अंगणाच्या कडेला उभी. आजोबांच्या काळातलं हे मला सांगितलं गेलं ते रीत म्हणून, कुणी खंत म्हणून सांगितलं नाही. तेव्हा ‘ओटीवर किती माणसं बसतात याचा आकडा नसतो’ हे मी वर लिहिलं, ते वाक्य तसंच ठेवतो, पण ते अर्धं आहे. आकडा नव्हता, यादी होती.

सोफ्यात ही यादी निदान लाकडात कोरलेली नाही. एका उंचीवर, एका कापडावर, शेजारी शेजारी. दोन वर्षांपूर्वी गावात पहिल्यांदा मी पाहिलं की एका घरी सासरा आणि सून एकाच सोफ्यावर बसून मोबाइलवर नातवाचा फोटो बघत होते. ज्यांनी जुनी ओटी पाहिली आहे त्यांनाच यात बघण्यासारखं काही दिसेल.

दुकानात जाण्याआधी आणखी एक गोष्ट डोक्यात होती. २२ जुलै २०२१. त्या दिवशी सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं, त्याच पावसात तळियेची वाडी दरडीखाली गेली आणि आमच्या पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी, केवनाळे इथे घरं गाडली गेली. माणसांच्या त्या दुःखापुढे फर्निचरची गोष्ट काढणं लाजिरवाणं वाटतं. पण पाणी ओसरल्यावर महाडच्या रस्त्यांवर जे दिसलं ते विसरता येत नाही. दारादारांपुढे चिखलानं भरलेले सोफे. फोम पाणी पितो आणि सोडत नाही, त्यात चिखल बसला की धुता येत नाही, आतला प्लायवुड फुगतो, थर सुटतात. तिघांनी उचलायचा सोफा सहा जणांना उचलत नव्हता. एका घरापुढे साधं सागवानी बाकडं उभं करून नळीनं धुतलेलं होतं, आणि त्यावर त्या घरच्या बाई बसल्या होत्या. तेवढंच त्या घरात बसायला उरलं होतं. उमरठ उंचावर आहे, आमच्याकडे पूर येत नाही. पण जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की पूर हळूहळू येतो, इतकंच. बुरशी, वाळवी, फुगलेली दारं.

मे महिन्यात भाऊ, वहिनी आणि मी महाडला गेलो. दुकानदार बोलायला चांगला होता. त्यानं एल शेपचा कॉर्नर सोफा दाखवला, राखाडी कापडाचा, आठ जण बसतील असा. भावाचा जीव त्यात अडकला. बत्तीस डेन्सिटीचा फोम हवा की चाळीसचा, खाली स्प्रिंग की पट्टे, हे सगळं त्यानं विचारलं. बत्तीसचा लवकर बसतो, चाळीसचा टिकतो आणि कडक लागतो, हे दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं. मी बसून पाहिलं. बैठक जमिनीपासून चौदा इंच. बसताना गुडघे पोटाच्या वर आले. उठताना पुढे धरायला काही नाही, कारण एल शेपमध्ये मधल्या माणसाला हात नसतो. मीच दुसऱ्या झटक्यात उठलो. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाली, “अहो, काकींना यातून क्रेननं काढावं लागेल.”

तिथून आमचं मोजमाप सुरू झालं. वहिनीनं घरी पाट, उशा, पेट्या एकमेकींवर रचून काकीला बसवून पाहिलं. अठरा ते एकोणीस इंचांवर ती हात न देता उठली. दोन्ही बाजूंना लाकडी हात हवेत, पुढे गोल केलेले, पकडता येतील असे. एवढ्यानं प्रश्न सुटायला हवा होता. पण काकी त्या रचलेल्या आसनावर बसली आणि थोड्या वेळानं तिनं डावा पाय वर घेतला. आपण सगळेच घेतो. सोफ्यावर बसून मांडी घालणं, निदान एक पाय दुमडून घेणं, ही आपली सवय कुठल्या कॅटलॉगमध्ये नसते. सोफ्याची ठरीव खोली पाय खाली सोडून बसणाऱ्यासाठी असते, साधारण वीस-बावीस इंच. मांडीला चोवीस-पंचवीस तरी लागतात. पण खोली वाढवली की पाय खाली सोडल्यावर पाठ टेकत नाही. तिचे गुडघे वस्तू उंच मागत होते, तिची सवय वस्तू रुंद मागत होती. हा पेच मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.

भाऊ थोडा दुखावला. त्याला आठ माणसं बसतील असं काहीतरी हवं होतं, कारण गणपतीत आठच काय, अठरा येतात. त्याचंही चूक नव्हतं. ज्या घरात वर्षानुवर्षं डोंबिवलीचं टाकाऊ आलं, तिथे एकदा तरी दुकानातून टेम्पोनं चकचकीत काहीतरी यावं, गावानं पाहावं, ही इच्छा मी हसण्यावारी नेणार नाही. शिवाय त्याचे पैसे. पण घराच्या दारानंही आमची बाजू घेतली. जुना चौकटीचा दरवाजा, वाकून आत यायचा, अडीच फूट रुंद. एल शेपचा मोठा तुकडा त्यातून आडवा, उभा, तिरका, कसाच गेला नसता. दारांची मापं आमच्या पूर्वजांनी माणसांसाठी घेतली होती, सोफ्यासाठी नाही.

शेवटी सुताराकडे गेलो. आमच्या मागच्या परसातला फणस तीन वर्षांपूर्वी वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत होत्या. सुतारानं तीन जणांचं बाकडं करून दिलं, त्याला सोफा म्हणायचं की नाही यावर अजून वाद आहे. बैठक एकोणीस इंच उंच, खोली चोवीस. पाठीमागे एक सुटा तक्क्या, जो पाय खाली सोडायचे असतील तेव्हा लावायचा आणि मांडी घालायची असेल तेव्हा काढायचा. तक्क्याची कल्पना वहिनीची. फोम चाळीसचा, चार इंचांचा, कव्हरला चेन, म्हणजे पावसाळ्यात काढून चुलीच्या वर टांगता येतं. मागची बाजू उघडी पट्ट्यांची, हवा खेळावी म्हणून. लाकूड पिवळं आहे, दर वर्षी गडद होत जाईल असं सुतार म्हणाला. उरलेल्या पैशांत भावानं आठ खुर्च्या आणि दोन मोठ्या सतरंज्या घेतल्या, आणि सतरंज्यांचा रंग मात्र त्यानं कुणाला ठरवू दिला नाही.

ठेवायचं कुठे, यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. टीव्हीपुढे, असं मुलं म्हणाली. आम्ही ते ओटीवर, अंगणाकडे तोंड करून ठेवलं, माजघराच्या दाराला लागून. त्या जागेवरून वाट दिसते, आणि आतलं बोलणंही ऐकू येतं.

गणपतीत पहिल्या दिवशी गावातले लोक आरतीला आले. पुरुष सवयीनं बाकड्याकडे वळले. वहिनीनं काही न बोलता त्यावर काकीचं पांघरूण आणि औषधांचा डबा आधीच ठेवला होता. माणसं सतरंजीवर बसली. काकी आतून आली, तिनं सगळ्यांकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांना धरून बसली. एक पाय वर घेतला. थोड्या वेळानं शेजारच्या आजीला म्हणाली, “ये गं, वर ये. दोघींपुरती जागा हाय.”

आजी नको नको म्हणाली. आरती संपेपर्यंत ती उभीच होती. नंतर बसली, अगदी कडेला.